बेटावरची अनपीटेड सिंगल माल्ट: धुराचा वास कुठून आला, गढूळ का झाली, पाणी किती घालावं?

निवांत_घोट

स्कॉटलंडच्या बेटावरची अनपीटेड सिंगल माल्ट. १२ वर्षं, ४६ टक्के, चिल-फिल्टर न केलेली (म्हणजे गार करून गाळलेली नाही), कॅरॅमल रंग नाही, बराचसा माल शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांतला. डिस्टिलरीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खोट बाटलीत आहे की माझ्या समजुतीत, तेच अजून ठरायचंय.

अनपीटेड असूनही पहिल्या वासात काहीतरी जळल्यासारखं येतं. फार नाही, विझवलेल्या काडीइतकं. पाणी घातल्यावर कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढल्यासारखं वाटतं. बर्फाचा खडा टाकला की दोन-तीन मिनिटांत ग्लास गढूळ होतो. आणि बूच काढताना त्याचा खालचा तुकडा तुटून आत पडला. बाटली खराब समजायची का? आणि या ताकदीच्या व्हिस्कीत पाणी नेमकं किती घालावं? "चवीनुसार" हे उत्तर नको, मिलीत सांगा.

---

भट्टीवाला

धुराचं आधी बघू, बाकीचं सोपं आहे.

अनपीटेड म्हणजे बार्ली वाळवताना पीट (दलदलीतली, जळणासाठी वापरायची माती) जाळलं नाही, एवढंच. मोड आलेली बार्ली, म्हणजे माल्ट, वाळवायच्या भट्टीत चढते तेव्हा दाणा वरून ओला असतो आणि तेवढा वेळच तो धूर धरतो. एकदा साल वाळलं की खाली कितीही पीट जाळा, फार काही चिकटत नाही. म्हणून पीटेड माल्टला सुरुवातीचे काही तास धूर देतात आणि पुढे नुसती गरम हवा. अनपीटेडला पहिल्यापासून शेवटपर्यंत गरम हवाच. धुरातली फिनॉल्स (धुराचा वास देणारी संयुगं) पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असं मोजतात आणि तो आकडा माल्टचा असतो, व्हिस्कीचा नव्हे. आयला बेटावरच्या ब्रूकलॅडी डिस्टिलरीच्या पोर्ट शार्लट या पीटेड व्हिस्कीचा माल्ट ४० पीपीएमचा, तिच्याच ऑक्टोमोरचा ८० च्या वर. चोथ्यात, दारू उकळायच्या पहिल्या भट्टीच्या गाळात आणि स्पिरिटच्या शेपटात (शेवटी येणाऱ्या भागात) बरंच काही मागे राहतं, त्यामुळे बाटलीत यातला बराच कमी भाग पोचतो. अनपीटेड माल्टचा आकडाही अगदी शून्य नसतो, एक-दोन पीपीएम असतोच. तो नाकाला कळत नाही.

बेटावरचं पाणी पीटमधून झिरपतं म्हणून धुराचा वास येतो, हे बऱ्याच ठिकाणी वाचाल. सोडून द्या. चहासारखं तपकिरी पाणी पीटचं असतं खरं, पण ती फिनॉल्स पीट जळल्यावर तयार होतात. न जळलेल्या पीटच्या पाण्यात धूर नसतो. आयलावरचीच बुन्नाहाव्हेन डिस्टिलरी मार्गाडेलच्या झऱ्याचं पाणी नळातून आणते, वाटेत पीट लागू देत नाही. गोष्ट चांगली आहे, पण तिथली व्हिस्की बिनधुराची आहे ती माल्टमुळे. १९६३ पर्यंत तिथे स्वतःचं फ्लोअर माल्टिंग (जमिनीवर पसरून बार्लीला मोड आणणं) होतं. त्याच सुमाराला ते बंद झालं, दारूच्या भट्ट्या दोनाच्या चार झाल्या आणि ब्लेंडवाल्यांना हवी तशी हलकी, बिनधुराची स्पिरिट हा तिथला मुख्य माल झाला.

मग तुमच्या ग्लासात जळकं काय आहे? चार शक्यता.

पहिली, शेपूट. आज बेटांवरच्या बऱ्याच डिस्टिलऱ्या एकाच भट्टीत दोन्ही प्रकार काढतात: टोबरमोरी वर्षाचा काही भाग लेडचिग ही पीटेड व्हिस्की काढते, बुन्नाहाव्हेन पीटेड माल्टच्या खेपा घेते, ब्रूकलॅडी तर तीन प्रकार. दुसऱ्या भट्टीतून येणाऱ्या स्पिरिटचा मधला भाग तेवढा पिंपात जातो. डोकं आणि शेपूट पुढच्या खेपेच्या लो वाइन्समध्ये (पहिल्या भट्टीतून आलेल्या कमी ताकदीच्या दारूत) परत मिसळतात. फिनॉल्स जड, उशिरा येतात, म्हणजे सगळ्यात जास्त धूर शेपटात. पीटेडची शेपूट अनपीटेडच्या पहिल्या खेपेत गेली तर धूर मागच्या दाराने आत येतो. हे टाळायला टाक्या वेगळ्या ठेवतात किंवा मधल्या काही खेपा बाजूला काढतात. तरी पुसटसा मागमूस राहू शकतो.

दुसरी, पिंप. ज्यात आधी पीटेड व्हिस्की होती असं रिफिल पिंप. लाकूड धूर वर्षानुवर्षं धरून ठेवतं.

तिसरी, जळलेलं लाकूड. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं पिंप आतून कोळसा होईपर्यंत जाळलेलं असतं, शेरीचं शेकलेलं. ओकमधलं लिग्निन तापलं की त्यातून ग्वायाकॉल सुटतं आणि पीटच्या धुरातलं एक मुख्य फिनॉलही तेच. लवंग, भाजलेलं लाकूड, कडेला किंचित धूर, असा हा वास.

चौथी, गंधक. तुमच्या वर्णनावरून माझा संशय यावरच आहे. "विझवलेली काडी" हे शब्द तुम्हीच वापरलेत. रिकामी शेरी पिंपं बुरशीपासून वाचवायला आत गंधकाच्या कांड्या जाळतात. त्याचा अंश व्हिस्कीत उतरला की जळकी काडी, रबर, कधी उकडलेला कोबी. पीटशी काही संबंध नाही, पण नाक फसतं.

ओळखायच्या दोन चाचण्या. एक: ग्लास रिकामा करा, धुऊ नका, रात्रभर उघडा ठेवा. सकाळी राख किंवा विझलेल्या शेगडीचा वास असेल तर फिनॉल, कारण ती जड असतात आणि काचेला धरून बसतात. नुसतं लाकूड, मनुका, मध असेल तर पीट नाही. दोन: तांब्याची तार किंवा पट्टी लिंबू-मिठाने चकचकीत घासून, खळखळून धुऊन, २० मिली व्हिस्कीत दोन मिनिटं फिरवा आणि शेजारी तांबं न घातलेला ग्लास ठेवून हुंगा. तांबं गंधकाची बरीच संयुगं ओढून घेतं. दारूच्या भट्ट्या (स्टिल) तांब्याच्या असण्याचं एक मोठं कारण हेच. फिनॉलवर मात्र तांब्याचा काही परिणाम होत नाही. काडीचा वास घटला तर गंधक. चाचणीचा ग्लास पिऊ नका, ओतून द्या.

---

थेंबाथेंबाने

भट्टीवाल्यांशी सहमत. गढूळपणा आणि पाणी माझ्याकडे.

गढूळ होणं हा दोष नाही, चिल-फिल्टर केलेली नाही याची ती पावती आहे. व्हिस्कीत लांब साखळीच्या फॅटी अॅसिडांचे एस्टर असतात, एथिल लॉरेट, एथिल पामिटेट वगैरे. दारूत विरघळतात, पाण्यात नाही. ४६ टक्के आणि खोलीचं तापमान असेपर्यंत ती गप्प बसतात. बर्फाने एकाच वेळी तापमान उतरतं आणि दारूचं प्रमाणही घटतं, मग ती बाहेर पडून धुकं धरतात. म्हणून बऱ्याच डिस्टिलऱ्या ४६ किंवा ४६.३ वर बाटल्या भरतात. ४० ला भरायची तर आधी शून्याच्या आसपास गार करून गाळावी लागते, नाहीतर थंडीच्या दिवसांत दुकानाच्या फळीवरच गढूळ दिसेल आणि गिऱ्हाईक परत घेऊन येईल. बुन्नाहाव्हेन १२ हीसुद्धा २०१० पासून ४६.३ टक्के आणि बिनगाळणीची झाली.

खात्री करायला बर्फाऐवजी बाटलीतली २० मिली फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. बहुधा गढूळ होईल. बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. पुन्हा स्वच्छ झाली तर विषय संपला. गरम होऊनही तळाशी बारीक कण राहिले तर ते वेगळं. बूचाचा भुसा नसेल तर बहुधा पाण्यातल्या कॅल्शियमचा प्रताप. जड पाणी घालून ठेवलेल्या व्हिस्कीत असे कण बसतात. म्हणून पाणी कमी क्षारांचं घ्या.

आता मिली. सूत्र सोपं: ग्लासातले मिली गुणिले आताचे टक्के, भागिले हवे ते टक्के, त्यातून मूळ मिली वजा. ४६ ची ३० मिली ४० वर आणायची तर ४.५ मिली पाणी, ३६ वर आणायची तर ८.३. ५० टक्क्यांची ब्रूकलॅडी क्लासिक लॅडी ४० वर आणायला ३० मिलीत ७.५. पिंपाच्या ताकदीची, समजा ५६ ची, ४६ वर आणायला ६.५. दारू-पाणी मिसळल्यावर घनफळ किंचित आकसतं, ते इथे धरलेलं नाही, ग्लासात फरक पडत नाही.

चमच्याच्या भरवशावर राहू नका. घरातला एक चमचा ३ मिलीचा, दुसरा ७ चा निघतो. बिनसुईची ५ मिलीची सिरिंज घ्या. आधी कोरी हुंगा आणि एक घोट. मग १.५ मिली, दोन मिनिटं थांबा, परत हुंगा. मग अजून १.५. अनपीटेड माल्ट साडेचार मिलीच्या आतच सगळं बोलून टाकते असं माझं मत. त्यापुढे शेरीची फळं पातळ होतात आणि ओकचा कडवटपणा उघडा पडतो. पीटेड व्हिस्की जास्त पाणी पचवते, कारण धूर चौकट धरून ठेवतो. इथे ती चौकट नाही.

पाण्याने जळकं वाढल्यासारखं वाटणं हा भास नसेलही. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दारू-पाणी-ग्वायाकॉल यांचं मिश्रण तपासलं. ४५ टक्क्यांपर्यंत ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ राहतं आणि ५९ च्या वर ते दारूच्या रेणूंनी वेढलं जाऊन आत खेचलं जातं. हे गणिती प्रारूप आहे, ग्लास नव्हे, आणि ४६ वरून ४० वर येताना फरक मोठा नसणार. पण पाणी म्हणजे प्रत्येक वास कमी, हे गृहीतक तेवढं काढून टाका.

---

निवांत_घोट

तांब्याची चाचणी झाली: काडीचा वास निम्म्यावर आला. फ्रिजमधला ग्लास बावीस मिनिटांत स्वच्छ. रात्रीचा ग्लास उद्या. दरम्यान एक उपप्रश्न: शेवटी जिभेवर खारट लागतं. समुद्राकाठच्या गोदामाचा परिणाम?

---

खारा_वारा

हो. आयलाची गोदामं पाहिलीत तर शंका राहणार नाही. बुन्नाहाव्हेनच्या गोदामांना समोर जुरा बेट आणि मधे समुद्राची चिंचोळी पट्टी. पिंप श्वास घेतं. उन्हाळ्यात माल फुगून लाकडात शिरतो, हिवाळ्यात आकसतो आणि बाहेरची हवा आत येते. बारा वर्षं खारी हवा घेतल्यावर काहीतरी उतरणारच.

---

भट्टीवाला

हवा आत येते, मीठ नाही. मीठ बाष्पीभवनात वर चढत नाही, म्हणजे भट्टीतून येणं शक्य नाही. आणि लाकडाच्या छिद्रांतून हवा शिरते, मिठाचे कण बाहेरच राहतात. बाटलीतल्या व्हिस्कीत सोडियम असतं ते मुख्यतः पातळ करायच्या पाण्यातून आणि लाकडातून, जिभेला कळेल त्याच्या कितीतरी खाली.

शिवाय बेटावर काढलेली स्पिरिट बेटावरच मुरते असंही नाही. बऱ्याच डिस्टिलऱ्या टँकरने मुख्य भूमीवर पाठवून तिथल्या गोदामात पिंपं भरतात. ती पिऊनही लोकांना समुद्र लागतो. ब्रूकलॅडी आपला माल आयलावरच मुरवते, तो भाग वेगळा.

खारट वाटतं ते खोटं नाही, फक्त कारण दुसरं. शेरी पिंपाचा सुका मेवा, ओकचं टॅनिन आणि कमी गोडवा एकत्र आले की जीभ त्याला "खारट" म्हणते, जसं सुकी शेरी पिताना म्हणते. त्यात गंधकाचा अंश असला तर शिंपल्याची, किनाऱ्याची आठवण येते.

---

खारा_वारा

सोडियमचं मान्य. बंदिस्त, दमट गोदामात मुरणं आणि कोरड्या गोदामात मुरणं सारखं नाही, एवढा हट्ट ठेवतो. दमट हवेत पाणी कमी उडतं आणि दारू जास्त, म्हणजे ताकद लवकर उतरते आणि चव गोलसर होते.

---

भट्टीवाला

तो हट्ट बरोबर आहे.

---

बुचकळ्यात

बूच. व्हिस्कीची बाटली आडवी ठेवली असेल तर हेच होणार. वाइनसाठी आडवी, व्हिस्कीसाठी उभी. ४६ टक्के दारू बूचाला महिनोन् महिने लागून राहिली की बूच कुजट, भुसभुशीत होतं. उलट वर्षानुवर्षं उभी, कोरड्या जागी राहिली तरी बूच सुकून तुटतं. जुनी बाटली उघडण्याआधी काही सेकंद तिरकी करून बूच ओलं करायचं, मग न पिळता, हळूहळू डावी-उजवीकडे हलवत काढायचं. तुटून मानेत अडकलं तर दोन पात्यांचा ओपनर दोन्ही बाजूंनी सरकवून फिरवत वर घ्यायचा. मळसूत्रामुळे भुसाच होतो.

तुमचा तुकडा आत पडलाच आहे, तर सगळी व्हिस्की कॉफीच्या कागदी फिल्टरमधून दुसऱ्या स्वच्छ बाटलीत गाळा. फिल्टर आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर पुठ्ठ्याची चव उतरते. आणि इथे एक मेख आहे: खोलीच्या तापमानालाच गाळा. बाटली गार असताना गाळलीत तर वर सांगितलेले एस्टर बाहेर पडून कागदात अडकतील, म्हणजे डिस्टिलरीने न केलेलं चिल-फिल्टर तुम्ही घरी कराल.

दुसऱ्या संपलेल्या बाटलीचं धड बूच जपून ठेवावं ते याचसाठी. मात्र पीटेडच्या बाटलीचं बूच अनपीटेडला लावू नका, वर सगळ्यांनी एवढा धूर शोधून काढल्यावर तरी नको.

---

लेबलवाचक

पुढची बाटली घेताना धूर टाळायचा असेल तर बेटाच्या नावावर जाऊ नका, लेबलवरचे गेलिक (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले) शब्द बघा. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत वय, पिंप, किमान ४० टक्के, पाच प्रदेश, सगळं आहे. पीटेड-अनपीटेडची व्याख्या नाही. आयला हा स्वतंत्र प्रदेश आहे, पण बाकी बेटं कायद्याने हायलँडमध्येच येतात. "आयलंड्स" हा बोलीतला गट.

बुन्नाहाव्हेनचं साधं १२ वर्षांचं, १८ वर्षांचं आणि वय न लिहिलेलं स्ट्यूराडर अनपीटेड. नावात मॉइन दिसलं तर ते पीट, टोइटेख म्हणजे धुरकट. स्वतंत्र बाटलीवाल्यांच्या (डिस्टिलरीचा माल घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणाऱ्यांच्या) लेबलवर स्टोइशा असेल तर तीही पीटेड बुन्नाहाव्हेनच. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, कारण डिस्टिलरीचं नाव ठळक आणि स्टोइशा बारीक. मल बेटावरची टोबरमोरी अनपीटेड, लेडचिग पीटेड. ॲरन बेटावर लॉकरान्झा डिस्टिलरीचा साधा १० वर्षांचा माल अनपीटेड, माक्री मूर पीटेड, आणि दक्षिणेला २०१९ मध्ये सुरू झालेली लॅग मुख्यतः पीटेड. ब्रूकलॅडी नावाने जे येतं ते अनपीटेड. ऑर्कनी बेटांवर स्कापा अनपीटेड, शेजारची हायलंड पार्क मात्र हलकी पीटेड. धुरासाठीच ओळखली जाणारी कल ईलासुद्धा अधूनमधून अनपीटेड बाटल्या काढते, तिथे लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

यांत गंधकाची भीती सर्वांत कमी ती बर्बन पिंपांच्या मालात. ॲरन १० मध्ये सफरचंद, लिंबाची साल, व्हॅनिला. क्लासिक लॅडीत बार्लीचा दाणा, मध, किंचित ताकासारखा आंबटपणा, पण ती ५० टक्के आहे, तिला पाणी लागतंच. तुम्हाला शेरीच हवी असेल तर बुन्नाहाव्हेन १२, पण मग प्रत्येक खेपेत पिंपं बदलणार आणि थोडी काडी कधीतरी भेटणार, हे धरून चाला.

---

निवांत_घोट

सकाळचा ग्लास: मनुका, जुन्या कपाटाचं लाकूड, थोडा कोको. राख नाही. गाळून झाली, दुसरं बूच लावलं.

---

भट्टीवाला

म्हणजे गंधकच. एक-दोन माप काढून बाटलीच्या खांद्याखाली पातळी आणा आणि दोन-तीन आठवडे उभी, अंधारात ठेवा. वरच्या हवेने काडीचा वास बहुतेक वेळा उतरतो. ओतल्यावरही ग्लास पंधरा मिनिटं झाकू नका. बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली छोट्या बाटलीत मानेपर्यंत भरा, नाहीतर तीच हवा मग फळं खायला लागते.